एक स्वयंपाकघर, दोन रिपोर्ट

सहकारनगरमधलं एक जोडपं. काका ५७ वर्षांचे, काकू ५३. नावांची गरज नाही. लो-कार्ब आहार सुरू होण्याआधी दोघांचंही एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ११८ होतं. निव्वळ योगायोग. पुढचे साडेचार महिने दोघं एकाच ओट्यावर शिजलेलं जेवले. घरातून भात, पोळी आणि साखर जवळजवळ हद्दपार झाली. त्यानंतर काकांचं एलडीएल आलं १२४ आणि काकूंचं २३२.

मी पुण्यात आहारसल्ला देते. या प्रकरणात माझीही एक चूक आहे, आणि ती वगळून हे लिहिण्यात अर्थ नाही.

काका

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात दोघं आली ती काकांसाठी. वजन ८४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, पोटाचा घेर १०४. मधुमेह सहा वर्षांचा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ७.४, रोज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. लिपिड प्रोफाइलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल ११८.

हा साचा माझ्या टेबलावर आठवड्यातून दोनदा तरी येतो. एलडीएल दिसायला साधं, ट्रायग्लिसराइड चढलेले, एचडीएल घसरलेलं आणि पोट पुढे. काकांच्या घरी तेल-तूप तसं बेतानंच होतं. पण सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि वर भात, चारच्या चहाबरोबर बिस्किटं, रात्री पुन्हा पोळ्या आणि शेवटी ताकभात. "तळलेलं खात नाही हो आम्ही," असं काका तीनदा म्हणाले. खरंच होतं ते. पण ३१० हा आकडा तळणीचा नव्हताच. गरजेपेक्षा जास्त पिष्ट पोटात गेलं की यकृत त्याची चरबी करतं, ती व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरतं आणि रक्तात सोडतं. उपाशीपोटी मोजलेले ट्रायग्लिसराइड म्हणजे मुख्यतः हाच माल. ज्याच्या यकृतात आधीच चरबी साठली आहे आणि ज्याचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, त्याच्याकडे हा कारखाना रात्रंदिवस चालू असतो.

काकांना दिवसाला ६०-७० ग्रॅम कर्बोदकं, एवढ्यावर आणायचं ठरलं. त्याआधी त्यांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केली. ही गोळी चालू ठेवून कार्ब कमी केले तर साखर खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. मेटफॉर्मिननं सहसा तसं होत नाही. डॉक्टरांना न विचारता मोबाइलवर बघून डाएट सुरू करणारे असे थरथरूनच माझ्याकडे येतात.

ऑगस्टअखेर काकांचं वजन ७५.५ किलो, एचबीए१सी ६.३, ट्रायग्लिसराइड १३८, एचडीएल ४०, एकूण कोलेस्टेरॉल १९२. एलडीएल मात्र ११८ वरून १२४. सहा आकडे वर गेले म्हणून काका जरा खट्टू झाले. पण एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं की उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत रुतू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. ते १८० वरून १५२ वर आलं होतं. काका रोज तीन अंडी खात होते, बलकासकट. ही गोष्ट लक्षात ठेवा.

"तुम्हाला कशाला?"

पहिल्या दिवशी काकू नुसत्या सोबत आल्या होत्या. उंची १५६, वजन ५१ किलो. रोज सकाळी तळजाईची टेकडी चढतात. शाकाहारी. एचबीए१सी ५.६, म्हणजे सीमारेषेच्या अलीकडे. त्या बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि पेपरातलं आरोग्याचं पान त्या रेघा मारून वाचतात. त्यात त्यांनी 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीयांबद्दल वाचलं होतं.

हे संशोधन आपल्या पुण्याचंच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काकूंनी त्यावरून आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता: मी दिसते बारीक, पण आतून काय आहे कोण जाणे, तेव्हा मीही कार्ब सोडते.

"नाही तरी दोन स्वयंपाक कोण करणार? मी पण ह्यांचंच खाईन," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. जाताना त्यांनी विचारलं, "माझं पण रक्त तपासायचं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कशाला? तुम्ही तर ठणठणीत आहात."

माझी चूक ती हीच. मी तक्ता काढला तो काकांसाठी. प्रथिनं किती, तेल किती, पनीर किती, सगळं ८४ किलोच्या मधुमेही पुरुषाच्या हिशेबानं. काकूंची फाइलसुद्धा उघडली नाही. घरात कुणाला हृदयविकार आहे का, हेही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की त्यांच्या सख्ख्या भावाची अँजिओप्लास्टी ५२ व्या वर्षी झाली आहे.

ऑगस्टमध्ये काकांची तपासणी करताना लॅबवाल्यानं जोडप्यासाठी सवलत सांगितली, म्हणून काकूंनीही रक्त दिलं. एवढ्यावरच हे उघडकीला आलं. एकूण कोलेस्टेरॉल ३१८, ट्रायग्लिसराइड ६०, एचडीएल ७४, एलडीएल २३२. निवृत्तीच्या आधी बँकेनं केलेल्या तपासणीत हेच आकडे १९६, १०५, ५७ आणि ११८ होते. वजन ५१ वरून ४८ झालं होतं. त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "आता सांगा, मी ठणठणीत आहे ना?"

तीन निदानं

माझ्यापर्यंत पोचेस्तोवर काकूंना तीन निदानं मिळाली होती. फॅमिली डॉक्टर म्हणाले, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, आजपासून सुरू करा. भाच्यानं फोनवर सांगितलं, "मावशी, ट्रायग्लिसराइड ६० आणि एचडीएल ७४ म्हणजे एकदम बेस्ट. एलडीएलचं भूत औषध कंपन्यांनी उभं केलंय." आणि सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, घरात अंडी आली ना, त्याचं हे. काकूंनी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. ट्रायग्लिसराइड कमी आणि एचडीएल जास्त हे चांगलंच लक्षण. पण त्यानं एलडीएलचे २३२ माफ होत नाहीत. प्रत्येक एलडीएल कणावर अपोबी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून अपोबी मोजलं की साधारण कणांची संख्याच कळते. काकूंचं अपोबी १६८ आलं. शंभरच्या खाली असलेलं बरं. तेव्हा 'कण मोठे आणि फुगीर आहेत, घातक नाहीत' ही पळवाट तिथेच बंद झाली. कण नुसते मोठे नव्हते, संख्येनंही भरपूर होते.

डॉक्टरांना मी फोन केला. ते घाईत होते, पण ऐकणारे आहेत. वाढ कशामुळे झाली ते शोधायला तीन महिने द्या, म्हटलं. भावाची गोष्ट आठवून ते जरा कांकूं करत होते. शेवटी अट घातली की काकूंनी हृदयरोगतज्ज्ञांना आधी दाखवायचं. ती अट योग्यच होती.

काय काय नव्हतं

रिपोर्टच खोटा असेल का? लॅबच्या कागदावर एलडीएलपुढे 'कॅल्क्युलेटेड' लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ते मोजलेलं नसतं, १९७२ च्या फ्रिडेवाल्ड सूत्रानं काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ३१८ मधून ७४ गेले, १२ गेले, उरले २३२. ट्रायग्लिसराइड फार कमी किंवा फार जास्त असले की हे सूत्र जरा चुकतं, म्हणून दोन आठवड्यांनी थेट मोजून घेतलं. आलं २२६. म्हणजे आकडा खरा होता.

वजन भराभर उतरत असताना साठवलेल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल रक्तात येऊन आकडा तात्पुरता वर जाऊ शकतो. काकूंचं वजन पाच आठवडे ४८ वरच थांबलेलं होतं. तेही नाही.

थायरॉइड मंदावला की एलडीएल वाढतं, आणि आपल्याकडे या वयाच्या बायकांत हे हटकून बघायचं असतं. टीएसएच ३.२, ठीक. लघवीत प्रथिनं नाहीत, यकृताच्या चाचण्या व्यवस्थित. पाळी जाण्यानंही एलडीएल चढतं, पण ती जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ११८ चा रिपोर्ट त्यानंतरचा. आनुवंशिक हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे जन्मापासूनच चढलेलं कोलेस्टेरॉल, असता तर ११८ कधीच आला नसता. लायपोप्रोटीन(ए) हा एलडीएलचाच एक भाऊबंद कण, तो जन्मापासून ठरलेला असतो आणि आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. तेही नॉर्मल निघालं.

उरलं ताट.

पळी

मी काकूंना आठवडाभराची डायरी मागितली. बँकेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे अक्षर मोत्यासारखं आणि बेरजा तळाशी. पण वाचता वाचता लक्षात आलं की ज्या 'एकाच स्वयंपाकघरा'वर मी विसंबले होते, तिथं ताटं दोन वेगळी होती.

काका: सकाळी तीन अंडी शेंगदाण्याच्या तेलात, दुपारी पालेभाजी, कोशिंबीर, दाण्याचं कूट, आठवड्यातून दोनदा मासे, रात्री थोडं पनीर किंवा चिकन.

काकू: सकाळी कॉफी, त्यात तूप आणि खोबरेल फेटून. मुलीनं बंगळुरूहून फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीनं दाबून कॉफी काढायचं भांडं, आणला होता, त्यातली. दोन मग. दुपारी खोबरेलात केलेली भाजी, शंभर ग्रॅम पनीर, वरून तूप. चार वाजता भूक लागली की सुक्या खोबऱ्याचे तुकडे. रात्री भोपळ्याचं नाहीतर पालकाचं सूप, त्यात क्रीम. अंडी नाहीत, मासे नाहीत, डाळी-उसळी कार्ब म्हणून बंद. मग पोट भरायला शाकाहारी माणसाकडे उरतं काय? दूध-दुभतं आणि नारळ. मी दिलेला तक्ता मांसाहारी माणसाचा होता. त्यातलं काकूंनी न चालणारं वगळलं आणि चालणारं दुप्पट केलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

डायरीत तूप 'दोन चमचे' लिहिलं होतं. माझ्या तक्त्यात एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम. सहज विचारलं, चमचा कुठला? "तुपाचा." पुढच्या वेळी तो आणायला सांगितला. पिशवीतून निघाली ती सासूबाईंच्या वेळची स्टीलची पळी, लांब वाकड्या दांड्याची, तुपाच्या भांड्यातच कायम राहणारी. वजनकाट्यावर वाटी ठेवून आकडा शून्य केला आणि पातळ तूप पळीनं ओतलं. १७ ग्रॅम. पुन्हा एकदा. १८.

"अहो, पण हा चमचाच आहे ना?" काकू म्हणाल्या, आणि मग दोघी बराच वेळ हसलो.

बेरीज मात्र हसण्यासारखी नव्हती. साजूक तुपात साधारण ६० टक्क्यांच्या वर संपृक्त मेद, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट. खोबरेलात ८५ ते ९० टक्के, सुक्या खोबऱ्याच्या चरबीतही तेच प्रमाण. दोन पळ्या तूप, दोन वेळचं खोबरेल, पनीर, खोबरं, क्रीम मिळून काकूंच्या पोटात दिवसाला ७५ ग्रॅमहून जास्त सॅच्युरेटेड फॅट जात होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपर्यंत. काकूंच्या १५०० कॅलरींत ते साधारण १७ ग्रॅम होतं. काकांचा तसाच हिशेब केला तर २२-२४ ग्रॅम, तीन अंड्यांसकट. एका बलकात १८०-२०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं खरं, पण अख्ख्या अंड्यात सॅच्युरेटेड फॅट जेमतेम दीड ग्रॅम. आणि रक्तातलं एलडीएल अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटनं कितीतरी जास्त हलतं. अमेरिकेच्या २०१५ च्या आहार मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा काढून टाकली गेली, सॅच्युरेटेड फॅटची ठेवली गेली. सोसायटीतल्या बाईंना हे कोण सांगणार!

यकृताची दारं

यकृताच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. मी पेशंटला 'दारं' म्हणून सांगते. ही दारं शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. दारं जितकी जास्त आणि उघडी, तितकं रक्त स्वच्छ. सॅच्युरेटेड फॅट भरपूर गेलं की यकृत ही दारं कमी करतं. सगळी सॅच्युरेटेड फॅट सारखी नसतात. खोबरेलातलं लॉरिक आणि तुपातलं पाल्मिटिक व मायरिस्टिक आम्ल एलडीएल वाढवतात, स्टिअरिक आम्ल फारसं वाढवत नाही. तूप चांगलं की वाईट, हा आपल्याकडे अस्मितेचा प्रश्न झालाय. वरणभातावर चमचाभर तूप शतकानुशतकं चालत आलंय, तेही बरोबर. पण कॉफीत पळीभर तूप फेटून पिणं ही कुठल्याच आजीची परंपरा नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. लो-कार्बवर जाड माणसाचं एलडीएल सरासरीनं फार हलत नाही, बारीक माणसाचं हलतं, असं २०२४ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. का, याचा एक तर्क असा: बारीक माणसाकडे साठवलेली साखर लवकर संपते, मग शरीर इंधन म्हणून चरबीची वाहतूक जोरात सुरू करतं. व्हीएलडीएलच्या गाड्या भरून निघतात, माल पटकन उतरतो (म्हणून ट्रायग्लिसराइड ६०), आणि रिकाम्या गाड्या एलडीएल होऊन फिरत राहतात. अजून हा तर्कच आहे. पण काकूंच्या रिपोर्टची ठेवण त्याच्याशी अगदी जुळत होती: एलडीएल वर, एचडीएल वर, ट्रायग्लिसराइड खाली.

आणि हो, कॉफी. न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तोही एलडीएल वाढवतो. कागदी फिल्टरमध्ये तो अडकतो, फ्रेंच प्रेसच्या जाळीत नाही. काकूंच्या २३२ मध्ये त्याचा वाटा लहानच असणार. तरी मुलीची भेटवस्तू कपाटात गेली.

दोन पायऱ्या

सगळं एकदम बदललं असतं तर कशानं काय झालं ते कळलं नसतं. म्हणून पहिले सहा आठवडे कार्ब वाढवायचे नाहीत, फक्त चरबीचा प्रकार बदलायचा, असं ठरवलं. कॉफीत थोडं दूध, बाकी काही नाही. स्वयंपाक शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलात. खोबऱ्याऐवजी बदाम-अक्रोड आणि जवसाची चटणी. पनीर अर्धं, उरलेली जागा टोफूला. टोफू त्यांना अजिबात आवडला नाही, "खोडरबर" म्हणाल्या, पण बुर्जी करून खाल्ला. तूप दिवसाला एक चमचा, मापाचा, पाच ग्रॅमचा. हे सहा आठवडे नेमके गणपतीत सुरू झाले. काकूंनी डायरीत लिहिलं: 'उकडीचे मोदक २, तुपाशिवाय.' पुढे स्वतःच कंसात: (घशाखाली उतरेनात).

ऑक्टोबरमध्यात एलडीएल १६१. एचडीएल ७०, ट्रायग्लिसराइड ६६. भात-पोळीचा घास न वाढवता ७१ आकडे खाली. त्यात फ्रेंच प्रेसचा वाटा किती आणि तुपाचा किती, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी थांबवले, ही प्रयोगातली माझी ढिलाई.

दुसरी पायरी कार्बची. यावर मी थोडी घुटमळले. २०२४ मध्ये निक नॉर्विट्झ या बारीक, अतिलो-कार्ब खाणाऱ्या तरुण संशोधकानं स्वतःवर एक प्रयोग करून छापला. रोज बारा ओरिओ बिस्किटं खाऊन सोळा दिवसांत त्याचं एलडीएल ३८४ वरून १११ वर आलं, स्टॅटिननं झालेल्या घटीपेक्षाही जास्त. एका माणसाची गोष्ट, त्यावरून कुणी बिस्किटं लिहून देऊ नयेत, आणि त्यानंही तसं सुचवलेलं नाही. पण बारीक माणसाला थोडे कार्ब परत दिले तर चरबीची ती वाहतूक मंदावते, एवढा धागा घेण्यासारखा होता. आम्ही बिस्किटांऐवजी ज्वारी घेतली. दुपारी एक भाकरी, एक वाटी मटकी किंवा मुगाची उसळ, एक फळ. मिळून दिवसाला ११०-१२० ग्रॅम कर्बोदकं. उसळीतला विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, आणि यकृताला नवीन पित्ताम्लं करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. त्याचाही उपयोग.

मध्ये दिवाळी आली. चकली किती, ते काकूंनी डायरीत लिहिलं नाही आणि मीही विचारलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात: एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड ८४, एचडीएल ६६, एलडीएल १२९, अपोबी ९६. वजन ५०. एचबीए१सी ५.६, जिथं होतं तिथंच. ज्या मधुमेहाच्या भीतीनं भाकरी सोडली होती तो भाकरी परत आल्यानं पुढे सरकला नव्हता.

मधल्या काळात हृदयरोगतज्ज्ञांनी सीटीवर कॅल्शियम स्कोअर काढला होता. शून्य. काकू पेढे घेऊन आल्या. पेढा खाल्ला, पण सांगावंही लागलं: शून्य म्हणजे धमनीत चुना साठलेला नाही. नुकतीच साठू लागलेली मऊ चरबी या तपासणीत दिसत नाही. साडेचार महिन्यांचं २३२ या स्कोअरमध्ये उमटणारच नव्हतं. भावाची अँजिओप्लास्टी लक्षात घेऊन तज्ज्ञांनी काकूंसाठी एलडीएलचं शंभरच्या खालचं लक्ष्य ठरवलं. मार्चमध्ये पुन्हा तपासायचं, नाही उतरलं तर गोळीचं बोलू, असं म्हणाले. काकू आता गोळीला पूर्वीइतक्या घाबरत नाहीत. इसबगोल सुरू केलंय, चवीबद्दल तक्रारी आहेत.

काकांची फाइल

डिसेंबरच्या त्या भेटीत काका बाजूला बसून वर्तमानपत्र वाचत होते. तीन महिने आम्ही सगळे काकूंच्या २३२ च्या मागे होतो. काकांची फाइल मी सहज चाळली. साखर आटोक्यात, ट्रायग्लिसराइड निम्म्याहून कमी, वजन उतरलेलं. लॅबच्या कागदावर जवळजवळ काहीच लाल नाही. एलडीएल १२४, छापील मर्यादेच्या आत. सप्टेंबरमध्ये मीच त्यावर बरोबरची खूण केली होती.

पण ही छापील मर्यादा निरोगी माणसाची. सत्तावन्न वर्षांचा, सहा वर्षं मधुमेह असलेला, एचडीएल चाळीसवर अडलेला माणूस वेगळा. चाळिशीपुढच्या मधुमेही माणसाला एलडीएल 'नॉर्मल' दिसत असलं तरी स्टॅटिन द्यावं, असं बहुतेक मार्गदर्शिका सांगतात. काकांना कुणीच दिलं नव्हतं. आधी साखरेच्या गडबडीत राहिलं, मग वजन उतरल्याच्या आनंदात, आणि मग काकूंच्या लाल आकड्याच्या गोंगाटात. गोळी लिहिणं माझं काम नाही, पण विचारणं होतं. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "अरे हो. उद्याच पाठवा त्यांना."

काकांनी पेपर खाली केला. "माझं तर सगळं चांगलं आलंय म्हणालात ना?"

"चांगलंच आलंय, काका."

"मग घाबरवताय हिला आणि गोळी मला?"

काकूंनी त्यांच्या हातातून पेपर काढून घडी घातली. "अहो, चला आता," त्या म्हणाल्या, "आणि घरी गेल्यावर ती पळी माळ्यावर टाका."

रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमवर सहा आठवड्यांनी काकांचं एलडीएल ६९ आलं. अंडी चालूच आहेत.